भाकर का आरसा

भाकर का आरसा, हा तंटा जानेफळच्या उत्तमराव आणि रुखमाबाईत बेचाळीस वर्षं चालला. तेवढ्या काळात गल्लीतले बांधाचे वाद मिटले, भावकीतले अबोले सुटले, समोरच्या दोन भावांनी अंगणात घातलेली भिंत पाडून पुन्हा एक अंगण केलं. हा तंटा मात्र जिथल्या तिथे राहिला.

गोष्ट एवढीशी होती. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी घरच्यांनी नव्या नवरा-नवरीला लोणारला नेलं. गोमुखातून पडणाऱ्या धारेवर अंघोळ झाली, दैत्यसूदनाच्या देवळात पाया पडून झालं, आणि मग बाहेरच्या भिंतीवर कोरलेले देव, हत्ती, नाचणाऱ्या बाया बघत सगळे देवळाभोवती फिरले. त्यात एक बाई होती. तिच्या हातात काहीतरी गोल होतं. रुखमाबाई म्हणाली, भाकर आहे. उत्तमराव म्हणाले, आरसा आहे.

झालं. तेव्हापासून हा विषय कधीही निघायचा. तव्यावर भाकर टाकता टाकता रुखमाबाई आतून म्हणायची, "काही म्हना तुमी, भाकरच होती."

ओसरीवरून उत्तर जायचं, "आरसा होता. देवळाच्या भिंतीवर कोनी भाकर घेऊन उभं राह्यते का?"

"काऊन नाही? तिले भूक नाही लागत?"

"अवं, नटूनथटून उभी हाय ते!"

"नटलेल्या बाईच्या घरी चूल नसते वाटते!"

असं जेवण होईपर्यंत चालायचं. पैजही ठरलेली होती. आरसा निघाला तर रुखमाबाईने भर गल्लीत म्हणायचं, "हे खरे, मी खोटी." भाकर निघाली तर उत्तमरावांनी जन्मभर भाकरी थापायच्या.

जानेफळहून लोणार म्हणजे काही काशी नाही. मेहकरला गाडी बदलली की सुलतानपूरवरून माणूस जेवायच्या आत पोचतो. पण जाणं झालं नाही. उत्तमराव म्हणायचे, चल, एकदाचा निकाल लावून टाकू. तर नेमकी म्हैस व्यायला झालेली असायची, नाहीतर कापूस वेचायचा राहिलेला असायचा, नाहीतर पापडाचं पीठ भिजवलेलं असायचं. "जाऊ ना," रुखमाबाई म्हणायची, "देऊळ काय पळून जाते?"

देऊळ पळालं नाही. वैशाखात रुखमाबाईच गेली.

मुलगा हर्षल पुण्याला नोकरीला. तो चला म्हणाला होता. पण तिसऱ्या मजल्यावर बसून करायचं काय, म्हणून उत्तमराव गेले नाहीत. पहिला महिना शेजारून डबा आला. मग त्यांनाच लाज वाटली आणि ते ज्वारीचं पीठ घेऊन परातीपुढे बसले. पहिली भाकर परातीलाच चिकटली. दुसरी उचलली तर निम्मीच हातात आली. तिसरी तव्यापर्यंत पोचली, पण तिला कोणी भाकर म्हटलं नसतं. तीन-चार महिने गेले तेव्हा कुठे हाताला कळलं की पीठ किती ओलं हवं, बोटं किती जवळ हवीत, आणि उचलताना भाकर पकडायची नसते, ती तळव्यावर झोपवायची असते.

शाळेपासूनचा दोस्त सहदेव तायडे रोज सकाळी चहाला यायचा. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होता. आता रिटायर होऊन त्याला बोलायला प्रवासी उरले नव्हते, म्हणून सगळं बोलणं उत्तमरावांच्या वाट्याला यायचं. तो ताटातली भाकर उचलून उजेडात धरायचा.

"हा मेहकर तालुका," बोट फिरवत म्हणायचा. "हे इकडं चिखली. अन् हा मधात भोसका पडला ना, हे लोनारचं तळं."

"गप खाय बे."

"खातो ना. पन अर्धा जिल्हा जळेल हाय."

सहदेवला सगळं माहीत होतं. एक गोष्ट सोडून.

शेवटच्या दिवशी दुपारी रुखमाबाई दवाखान्यात खाटेवर होती. उत्तमराव दोन दिवस शेजारच्या स्टुलावर बसून होते. काय बोलावं ते सुचत नव्हतं. तसं त्यांना जन्मात कधी फार सुचलं नाही. रुखमाबाईने डोळे उघडले, त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि बारीक आवाजात म्हणाली, "भाकरच होती."

बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा उत्तमराव म्हणाले, "हो. भाकरच होती. तूच खरी."

त्यांना वाटलं, ती हसेल. ती हसली नाही. तिच्या कपाळाला आठी पडली आणि तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. दिवस मावळायच्या आत ती गेली.

ती आठी उत्तमरावांच्या डोळ्यांपुढून हलेना. बाई जन्मभर जे म्हणत आली त्याला आपण हो म्हटलं, तर तिने रागवावं कशाला? ते सकाळी भाकर थापताना विचार करायचे, सोयाबीनच्या काडात गुरं सोडून बांधावर बसले की विचार करायचे. आपण तिचं मन राखायला बोललो, हे तिला कळलं असेल. पण भाकर खरोखरच असेल, तर आपण खोटं बोललोच नाही. आणि आरसा असेल, तर बायकोशी शेवटचं बोललो ते खोटं. एवढ्या वर्षांनी त्यांचं त्यांनाही नक्की आठवत नव्हतं. बाईचं तोंड आठवायचं, हात आठवायचा, हातात काय ते आठवायचं नाही.

पौष लागला, तुरी काढून झाल्या, आणि एका सकाळी ते सहदेवला म्हणाले, "रविवारी लोनारले जाऊ."

"तळं पाहाले?"

"नाही. भाकर पाहाले."

सहदेवने चहाची बशी खाली ठेवली. "आता? अन् आता निकाल लावून कोनाले सांगशीन?"

"मले पाहाचं हाय."

"मंग माह्या नातवाले सांगतो, प्रसेनजितले. पोरगं मोबाईलवर दोन मिनटात फोटो काढून देते."

"मोबाईलवर नाही. डोळ्यानं पाहाचं."

"बरं बाप्पा. मी तीस वर्सं लोनारले गाडी नेली, पन स्टँडच्या पुढं गेलो नाही कधी. चहा पेला का डबल बेल."

रविवारी उत्तमराव पहाटेच उठले. दोन भाकरी थापल्या. त्यांतली बरी गोल आली ती वेगळ्या फडक्यात बांधली. कोनाड्यात रुखमाबाईचा छोटा गोल आरसा होता, हिरव्या प्लास्टिकच्या दांड्याचा, जत्रेतला. तोही पिशवीत टाकला.

"हे काय बे?" गाडीत बसल्यावर सहदेवने पिशवीत डोकावून विचारलं.

"मापाले. तिथं लावून पाहाचं."

"कोर्टात केस हाय का तुही? भाकर साक्षीदार, आरसा साक्षीदार. वकील कोन? मी?"

मेहकरला गाडी बदलली. सहदेवला जागा मिळाली तरी त्याच्याने बसवेना. "मधात उभे राहू नका, मांगं जागा हाय, मांगं सरका," त्याने आपसूक हाळी दिली. तिकीट फाडणारी पोरसवदा कंडक्टर बाई म्हणाली, "काका, तुम्ही बसा ना आता." तेव्हा तो बसला आणि मेहकर ते सुलतानपूर गप्प राहिला. एवढा वेळ तो गप्प राहिल्याचं उत्तमरावांना आठवत नव्हतं.

सुलतानपूरच्या फाट्यावर विमलबाई चढली. ती रुखमाबाईची धाकटी बहीण. लग्नात नऊ वर्षांची होती, आणि नव्या नवरीसोबत सासरी पाठराखीण म्हणून तीच आली होती. त्या दिवशी देवळातही होती. उत्तमरावांनी फोन केला तेव्हा तिने आधी बरेच आढेवेढे घेतले होते. "कशाले जाता भाऊजी? थंडी हाय. राहू द्या ना आता." मग एकदम म्हणाली, "जानारच असान तं मी बी येते. तुमचा भरोसा नाही. भाकर दिसली तरी आरसा म्हनसान."

बसल्या बसल्या तिने उत्तमरावांना वरून खालपर्यंत पाहिलं.

"वाळले भाऊजी तुमी. सैपाक कोन करते?"

"मीच."

"तरीच."

"भाकर जमते आता."

"जमते," सहदेव म्हणाला. "नकाशा शिकवाले शाळेत देता येते."

लोणारला उतरले तेव्हा ऊन चढलं होतं, पण अंगाला गोड लागत होतं. बाहेरगावची माणसं गाड्या घेऊन सरोवराकडे निघाली होती. हे तिघे गावात वळले. देऊळ गावाच्या आतच आहे. गल्लीतून चालताना एका दारात गहू निवडत बसलेली बाई, एक बांधलेली शेळी, वाळत घातलेली गोधडी, आणि वळलं की समोर एकदम एवढं मोठं काळं दगडाचं काम. त्याची भिंत सरळ जातच नाही. दोन पावलं गेली की आत वळते, मग बाहेर येते, पुन्हा आत. लुगड्याच्या निऱ्या घातल्यासारखी. आणि एक वीत जागा कारागिराने मोकळी सोडलेली नाही.

सहदेव पायरीशी थांबला. "मी पाया पडनार नाही, आधीच सांगतो. आमचं तसं नाही. काम पाह्यतो." मग मान वर करून बघतच राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "ज्याच्या हातानं हे केलं ना उत्तम, त्याले मात्र माहा नमस्कार."

तिघांनी चपला काढल्या आणि जोत्यावर चढले. दगड पायाला थंडगार लागला. उत्तमराव आत जाऊन देवापुढे हात जोडून आले आणि लगेच भिंतीला लागले. एक एक बाई बघत चालले. त्यांना वाटलं होतं, एकच असेल. इथे तर बायांची जत्रा भरलेली.

"हे का?" सहदेवने विचारलं.

"नाही."

"गोल हाय ना हातात."

"तो ढोल हाय. वाजवून राह्यली ना ते."

"मंग हे?"

"तिच्या पायात काटा रुतला. काटा काढून राह्यली."

"माहा बी पाय पाह्य ना मंग. खडा रुतला."

"विमल, कुठं होती वं ते?" उत्तमरावांनी विचारलं.

विमलबाई मागे मागे चालत होती. "मले काय आठवते? नऊ वर्साची होती मी."

पण तिचे पाय थोडे अडखळले, आणि जिथे अडखळले तिथेच, मावळतीकडच्या एका कोपऱ्यात, ती उभी होती. नाक थोडं झिजलेलं. गळ्यात माळा, हातात बांगड्या, कमरेत लचक. उत्तमरावांनी तिला ओळखलं. आपलं माणूस स्टँडवर दिसावं तसं ओळखलं.

ते जवळ गेले. चष्मा पुसला. बाईचा डावा हात तोंडासमोर वर धरलेला, त्यात ते गोल. काठ झिजलेले, त्यामुळे नुसतं गोल बघितलं तर काहीही म्हणता आलं असतं. उत्तमरावांनी गोल बघितलं नाही. त्यांनी हात बघितला.

मूठ वळलेली होती. चार बोटं मिटलेली, अंगठा वरून दाबलेला.

त्यांनी खाली बसून पिशवी उघडली. फडक्यातली भाकर काढली आणि बाईसारखी मूठ वळून, तोंडासमोर धरून पाहिली. भाकर कड्कन मोडली. अर्धी हातात, अर्धी दगडावर.

"ओ काका!" देखरेखीला बसलेला माणूस झाडू टेकवून उठला. "इथं डबा नाही खायचा! पाटी वाचली नाही का?"

"खाले नाही आनली," सहदेव घाईने म्हणाला. "मापाले आनली."

"कशाच्या मापाले?"

"ते लय मोठी केस हाय भाऊ. बेचाळीस वर्सं जुनी. दोन मिनटं थांब, निकाल लागून राह्यला."

माणूस निकाल ऐकायला तिथेच उभा राहिला.

उत्तमरावांनी भाकरीचे तुकडे गोळा करून फडक्यात बांधले आणि हिरवा आरसा काढला. दांडा मुठीत धरला, अंगठा वरून दाबला, हात तोंडासमोर नेला. अगदी तसाच बसला. बाईच्या मुठीखालीही दांड्याचं टोक दिसत होतं, एवढंसं, झिजलेलं. उजवा हात कपाळाशी होता. कुंकू लावत होती.

"आरसा," सहदेव म्हणाला. "आरसाच हाय बे! जिंकला तू!" त्याने उत्तमरावांच्या पाठीवर थाप मारली. देखरेखीच्या माणसानेही मान हलवली. "आरसाच आहे. सगळ्यांना माहीत आहे," असं म्हणून तो झाडायला निघून गेला.

उत्तमराव जिंकले होते. ते हातातल्या आरशाकडे बघत राहिले. आरशात त्यांचं न दाढी केलेलं तोंड होतं आणि मागे थोडं आभाळ होतं. भर गल्लीत "हे खरे" म्हणणारी तर राहिली नव्हती. आणि शेवटचं वाक्य खोटं बोललो ते बोललोच, हेही आता पक्कं झालं होतं. ते पुन्हा त्या हाताकडे बघायला लागले.

बघता बघता त्यांना काहीतरी खटकलं. सात महिने परातीपुढे बसलेल्या माणसाला हे एका नजरेत कळलं. भाकर अशी मुठीत कोणी धरत नाही. मग जिने सातव्या वर्षापासून भाकरी थापल्या, जिने गल्लीतल्या निम्म्या पोरींना भाकर उचलायला शिकवली, तिला हे कळलं नसेल?

"विमल," ते न वळता म्हणाले.

"काय भाऊजी?"

"तू तेव्हा कुठं उभी होती?"

"मी? मी हत्ती मोजून राह्यली होती."

"तुले काय दिसलं होतं तवा?"

"हत्ती."

"विमल."

विमलबाईने पदर तोंडाला लावला. आधी त्यांना वाटलं ती रडते आहे. मग तिचे खांदे हलले तेव्हा कळलं, हसते आहे.

"आरसा दिसला होता," ती म्हणाली. "नऊ वर्साच्या पोरीले दिसला. ताईले नाही दिसनार? डोळे काय फुटले होते तिचे?"

"मंग भाकर काऊन म्हनली ते?"

विमलबाई जोत्याच्या कडेला बसली. "तिनं मले धारेच्या पान्याची शपथ घातली होती, कोनाले सांगशीन नाही म्हनून. आता ते गेली, शपथ बी सुटली. भाऊजी, लग्नाले तीन दिवस झाले होते, अन् तुमी तिच्यासंगं एक शबद बोलले नव्हते."

"घरात पाव्हने होते."

"पाव्हने होते तं तोंड शिवेल होतं का? एक नाही, दोन नाही. ताई मले म्हने, 'विमे, नवरा मुका तं नाही ना देला बाबानं?' मी म्हनलं, 'मले नाही माहीत, मंडपात बोलले का ते?' ताई म्हने, 'तिथं बी भटजीच बोलले.'"

सहदेव मोठ्याने हसला. उत्तमरावांनी त्याच्याकडे पाहिलं, तरी हसायचा थांबला नाही.

"सकाळपासून तुमी आमच्या मांगं मांगं, पोतं उचलून आनल्यासारखे. मंग इथं आलो. ताईनं हे बाई पाह्यली अन् मुद्दाम जोरानं म्हनली, 'पाह्य वं विमे, भाकर घेऊन उभी हाय बाई.' अन् मांगून तुमी म्हनले..." विमलबाईने आवाज जाड केला, "'आंधळी हायेस का? आरसा हाय तो!'"

"असं म्हनलो मी?"

"पह्यलं वाक्य तुमचं. बायकोले आंधळी म्हनले. अन् ताईनं असा चिमटा काढला मले इथं, दंडाले, का आठ दिवस निळं होतं. 'बोलला!' म्हने. 'विमे, बोलला!'"

गल्लीतली शेळी ओरडली.

"मंग काय," विमलबाई म्हणाली, "तिले किल्लीच सापडली. तुमी घुम्यावानी बसले का ते फिरवाची."

उत्तमराव भिंतीला पाठ टेकून उभे राहिले. आई गेली तेव्हा ते चार दिवस कोणाशी बोलले नव्हते. पाचव्या दिवशी आतून आवाज आला होता, "काही म्हना, भाकरच होती," आणि त्यांना राग आला होता, सुतकात हिला हे सुचतं कसं. गारपिटीने गहू झोपला तेव्हा. हर्षल पहिल्यांदा पुण्याला गेला त्या रात्री, रिकाम्या घरात. दर वेळी ते चिडले होते, दर वेळी उत्तर दिलं होतं, आणि मग उत्तरामागून बाकीचं बोलणं आलं होतं. म्हैस दर साली नेमकी लोणारला जायच्या वेळीच का व्यायची, तेही आता कळलं. निकाल तिला नकोच होता.

आणि दवाखान्यात ते दोन दिवस घुम्यासारखे बसले होते.

"विमल," ते म्हणाले, "शेवटी बी म्हनली होती ते. दवाखान्यात. अन् मी हो म्हनलो."

विमलबाईचं हसू थांबलं. "हो म्हनले?"

"म्हनलं, भाकरच होती, तूच खरी. तिनं तोंड फिरवलं."

"फिरवनारच! मी असती तं मी बी फिरवलं असतं." तिने डोळे पुसले आणि रागावूनच म्हणाली, "तिले भांडाले पाह्यजे होतं भाऊजी. अन् तुमी इषयच संपवला."

म्हणजे ती खोट्यासाठी रागावली नव्हती. एवढंच होतं तर. छातीवर आठ महिने ठेवलेला धोंडा उत्तमरावांना थोडा हलल्यासारखा वाटला. पुरता गेला असं नाही. पण त्याच्या खालून वारं लागायला लागलं.

ते दगडाच्या बाईकडे वळले. आधी हळू म्हणाले. मग त्यांना वाटलं, हळू म्हणून काय उपयोग, ती तर स्वयंपाकघरातून ऐकायची.

"आरसा होता!" ते जोरात म्हणाले. "आंधळी हायेस का? आरसा होता तो!"

झाडणाऱ्या माणसाने तिकडून मान वर केली. "अहो काका, मी तेच सांगितलं ना!"

"तुमाले नाही भाऊ," सहदेव म्हणाला. "तुमी झाडा."

बाहेर लिंबाखाली बसून तिघांनी जेवण केलं. विमलबाईने वांग्याचं भरीत आणलं होतं. मोडलेली भाकर मध्ये ठेवली. तिने एक तुकडा चावला, आणखी चावला, आणि हात पुढे करून दुसरा घेतला. उत्तमरावांना तेवढं पुरलं.

परतीच्या गाडीत खिडकीजवळची जागा मिळाली. लोणार मागे पडलं तोच फोन वाजला. रविवार होता, हर्षल दर रविवारी फोन करायचा. फोन एवढ्यात आटपायचा: "जेवलात का?" "हो." "गोळी घेतली?" "हो." "बरं मग." बापाचं घुमेपण पोराने जसंच्या तसं घेतलं होतं. माय होती तोवर ती मध्ये बोलायची. आता दोन्हीकडे दोन बंद दारं.

गाडीच्या आवाजात ऐकू येईना, म्हणून उत्तमरावांनी स्पीकर लावला.

"जेवलात का बाबा?"

"हो."

"गोळी घेतली?"

"हो."

मग हर्षल म्हणाला, "मावशी सांगत होती, लोणारला जाणार होता. काय निघालं?"

सहदेवने उत्तमरावांकडे पाहिलं. विमलबाईने पाहिलं. उत्तमरावांनी खिडकीबाहेर पाहिलं. हरभरा घाटे धरायला लागला होता.

"भाकर," ते म्हणाले.

सहदेवचं तोंड उघडं राहिलं. विमलबाईने त्याच्या हातावर हात दाबला.

"भाकर?" हर्षल म्हणाला. "असं कसं होईल बाबा? देवळावर भाकर कोण कोरेल? तुम्ही नीट पाहिलं का?"

"हात लावून पाह्यलं. भाकर हाय."

"अहो, तुम्हीच जन्मभर आरसा म्हणत होता!"

"चुकलो होतो मी. तुही माय खरी निघाली."

"काय सांगता! तिच्या हातात दांडा वगैरे काही आहे का? आरशाला दांडा असतो."

"नाही. नुसती गोल. ज्वारीची असंल."

"ज्वारीची?" पुण्याच्या तिसऱ्या मजल्यावरचा आवाज चढला. "काऊन पन? दगडात तुमाले ज्वारी कशी दिसली? चष्मा नेला होता का नाही?"

"चष्मा हाय. तुलेच दिसत नाही, तिकडं बसून."

"मले नका सांगू! आरसा हाय तो बाबा, मी लिहून देतो. माय आमाले चिडवाले म्हने भाकर. मी संक्रांतीले येतो, आपन जाऊ, मी दाखवतो तुमाले..."

सुलतानपूरच्या अलीकडे उतार लागतो तिथे रेंज गेली. फोन बंद झाला.

"खोटं काऊन बोलला बे?" सहदेव म्हणाला. "जिंकेल केस हारून आला!"

विमलबाईने सहदेवच्या दंडाला चिमटा काढला, असा की तो ओरडला आणि सगळी गाडी मागे वळून बघायला लागली.

उत्तमरावांनी फोन मांडीवर ठेवला, त्याच्याकडे बघत बसले. फाटा आला, गाडी थांबली, विमलबाई उतरायला उठली, आणि फोन पुन्हा वाजला.

"संक्रांतीले आला तं भाकरी तुमीच करजा!" ती पायरीवरून ओरडली. कंडक्टर बाईने डबल बेल दिली. उत्तमरावांनी फोन कानाला लावला.

"दांडा नाही म्हनलं ना एकदा," ते म्हणाले.